बोर्ड 60 चा, रस्ता 100 चा

संपादक साहेब, नमस्कार,

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर अपघात झाला की दरवेळी बेफाम तरुणाई वगैरे छापून येतं, ते अगदीच खोटं नाही, पण तोच पोरगा नेरुळच्या सेक्टरमधल्या गल्लीत पंचवीस-तीसने जातो त्याचं काय? तिथे ना पोलीस असतो ना कॅमेरा. दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या, मधूनच रिक्षा वळते, भाजीवाला, शाळेची पोरं, पाय आपोआप ब्रेकवर जातो.

आता पाम बीच बघा. वाशी ते बेलापूर मस्त रुंद रस्ता, मध्ये डिव्हायडर, खाडीच्या बाजूला बहुतेक ठिकाणी नुसती खारफुटी, म्हणजे त्या बाजूने ना गल्ली फुटते ना दुकान लागतं. झाडं, भिंती जवळ असल्या की स्पीड जाणवतो, इथे सगळं लांब, त्यात काचा बंद आणि एसी चालू, ऐंशी कधी झाले कळतही नाही. साठने गेलात तर मागचा डिपर मारमारून हैराण करतो (आणि हे मागचे नेहमी पोरंच नसतात, आमच्या वयाचे काका लोकही असतात).

पण मला खरी भीती वाटते ती आत वळणाऱ्यांची. ऐंशीची सवय लागली की पन्नास म्हणजे बैलगाडी वाटते, त्यामुळे मोराज सर्कलवरनं सानपाड्यात किंवा अक्षर चौकातनं नेरुळात शिरणारे पहिली काही मिनिटं तसेच सुसाट येतात आणि तिथे तर म्हातारी माणसं रस्ता क्रॉस करत असतात. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढी पुढे, आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं.

कॅमेरे लावून थोडा फरक पडतो, पण ते कुठे आहेत हे रोजच्या लोकांना पाठ असतं, कॅमेऱ्यापुरतं साठ आणि पुढे गेलं की परत शंभर. त्यापेक्षा दोन कॅमेऱ्यांमध्ये किती वेळ लागला त्यावरून सरासरी स्पीड काढून चलान पाठवा. आणि आत वळायच्या प्रत्येक ठिकाणी रस्ता थोडा अरुंद करून उंच झेब्रा क्रॉसिंग बांधा, दोन्ही एकदम जमत नसेल तर आधी हे क्रॉसिंग करा. नवीन बोर्ड मात्र नकोत, आहेत तेच कोणी वाचत नाही.

– एक वाचक, नेरुळ