शिक्षेच्या सुनावणीतील दोन ओळी

महोदय,

फाशीची शिक्षा असावी की नसावी, यावर आपल्याकडे अधूनमधून वाद पेटतो. पण ती ठोठावताना न्यायालयासमोर आरोपीविषयी नेमके कोणते कागद असतात, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न चिकाटीने विचारणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट ३९ ए’ या संशोधन केंद्राच्या कामाविषयी हे पत्र लिहीत आहे. मोफत विधी साहाय्याची जबाबदारी शासनावर टाकणारा अनुच्छेद ३९ ए १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आला, त्यावरून केंद्राचे हे नाव पडले. हेच काम आता हैदराबादच्या नालसार विद्यापीठात ‘द स्क्वेअर सर्कल क्लिनिक’ या नावाने चालते.

केंद्राच्या संशोधकांनी देशभरच्या तुरुंगांत जाऊन फाशीच्या ३७३ कैद्यांची माहिती गोळा केली, त्यांच्या घरच्यांना गाठले आणि २०१६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. २००० ते २०१५ या काळात सत्र न्यायालयांनी दिलेल्या आणि वरच्या न्यायालयांत निकाली निघालेल्या फाशीच्या शिक्षांपैकी जेमतेम पाच टक्के टिकल्या, तर जवळपास तीस टक्के आरोपी चक्क निर्दोष सुटले. फौजदारी बाजूला वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याला पहिल्या आकड्याचे नवल वाटले नाही; दुसऱ्याने मात्र झोप उडवली.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये एकाच घरात पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली. तो गुन्हा किती भीषण होता, हे त्या पिढीच्या पुणेकरांना सांगायला नको. १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींपैकी एकाची शिक्षा २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. पुढे या केंद्राने त्याचे प्रकरण हाती घेतले. राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेची नोंद पुढे आली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून पुण्यात वयाची चौकशी झाली आणि गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे सिद्ध झाले. मार्च २०२३ मध्ये त्याची सुटका झाली, तेव्हा तुरुंगात अठ्ठावीस वर्षे उलटून गेली होती. शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ वेळेवर कोणी पाहिली असती, तर हे प्रकरण बालन्यायालयाकडे गेले असते.

ही ओळ का पाहिली जात नाही, ते आम्ही रोज अनुभवतो. दोषी ठरवल्यावर न्यायाधीश आरोपीला शिक्षेबाबतचे म्हणणे विचारतात. तो पिंजऱ्यात हात जोडून उभा असतो, बहुधा गोंधळलेला. ‘घरी म्हातारी आई आहे, लहान मुले आहेत, दया करावी,’ एवढे रोजनाम्यात उतरते आणि सुनावणी आटोपते. विधी साहाय्याच्या यादीवरील वकिलाला आरोपीच्या गावी जाण्याचा एसटीचा खर्चही परवडत नाही, मग त्याचे बालपण, आजार, शाळा सुटण्याचे कारण कोण शोधणार? मीही अशा दोन ओळी सांगून खाली बसलो आहे, हे कबूल करायला हवे. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती सत्र न्यायालयातच मागवण्याचे निर्देश दिले. निर्देश चांगले आहेत. माणसे कोठून आणायची, हा प्रश्न उरतो.

२०१४ च्या कायद्याने महाराष्ट्राला मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे मिळाली. तेथील विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी मुंबई-दिल्लीच्या मोठ्या वकिली कचेऱ्या खुणावतात, त्यात त्यांचा दोष नाही. तरीही प्रत्येक विद्यापीठाने काही जिल्हे वाटून घ्यावेत आणि गंभीर खटल्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला समाजकार्याचा पदवीधर व विधी शाखेचा विद्यार्थी अशी जोडी द्यावी. येरवडा आणि नागपूर कारागृहांतील कच्च्या कैद्यांसाठी याच केंद्राने वकील आणि सामाजिक कार्यकर्ते यांना एकत्र कामाला लावले होते, त्यामुळे नमुना हाताशी आहे. ही माहिती आरोपीच्या घरच्यांशी त्यांच्याच बोलीत, मग ती अहिराणी असो, गोंडी असो वा पारधी, बोलून मिळवावी लागेल आणि कामाला दोषारोप निश्चित होतानाच सुरुवात करावी लागेल. निकालाच्या दुपारी ते होत नाही.

आपला,
जिल्हा न्यायालयातील एक वकील, सातारा