‘सर्व्हर डाऊन’चा फलक लावण्यापूर्वी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पतसंस्थेत पैसे काढायला जावे, महाविद्यालयात दाखला मागायला जावे, किंवा कारखान्याच्या कार्यालयात उसाच्या बिलाची चौकशी करायला जावे. काउंटरपलीकडून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर ऐकले नाही असा कोल्हापूरकर आता शोधूनच काढावा लागेल. मी गेली वीस वर्षे शहरात आणि गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत संगणक व नेटवर्क देखभालीचे काम करतो. अनुभवाअंती सांगतो की हे उत्तर पुष्कळदा खरे नसते. उत्तर देणारा खोटे बोलत नसतो, त्याला तसे वाटत असते. सर्व्हर आतल्या खोलीत व्यवस्थित चालू असतो; काउंटरवरच्या संगणकाला तो सापडत नसतो, किंवा सापडला तरी त्या दोघांची एकमेकांशी ओळख पटत नसते.

मोठ्या कार्यालयात प्रत्येक संगणकावर वेगवेगळी नावे आणि पासवर्ड ठेवण्याऐवजी सर्व कर्मचाऱ्यांची, संगणकांची आणि प्रिंटरची नोंद एकाच ठिकाणी ठेवतात. त्या यंत्राला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी असते, जी विंडोज २०००पासून आहे. सकाळी लिपिक आपले नाव आणि पासवर्ड टाकतो तेव्हा समोरचा संगणक आधी या सर्व्हरचा पत्ता शोधतो, मग त्याच्याशी बोलतो, आणि ‘हा माणूस आपलाच आहे’ अशी खात्री त्याच्याकडून झाल्यावरच दार उघडतो. या साखळीची कुठलीही कडी निखळली तरी पडद्यावर साधारण एकाच अर्थाचा संदेश येतो, की डोमेनशी, म्हणजे या सर्व्हरच्या नोंदीत असलेल्या कार्यालयाच्या संगणक-समूहाशी, संपर्क होत नाही, आणि तो वाचणारा माणूस सरळ सर्व्हरला दोष देऊन मोकळा होतो.

गेल्या पावसाळ्यात शहरातील एका पतसंस्थेत सोमवारी सकाळी साडेदहालाच हा फलक लागला होता. सहा काउंटरपैकी चार बंद, दोन चालू. पिग्मी एजंट आपापली यंत्रे मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. सोनेतारणाचे दागिने सोडवायला कागलहून आलेल्या एक आजी शाखाधिकाऱ्यांना विचारत होत्या, ‘दोन खिडक्या चालू हाईत, मग बंद काय पडलंय?’ त्या गर्दीत नेमका प्रश्न तेवढा आजींनीच विचारला होता. सर्व्हर बंद असता तर सहाही काउंटर थोड्याफार फरकाने अडले असते. त्यातही एक गंमत होती. बंद म्हटलेल्या एका संगणकावर तिथला नेहमीचा लिपिक आत जाऊ शकत होता, मात्र त्याला सामाईक फोल्डर उघडत नव्हते. आणि त्याच संगणकावर त्याच दिवशी दुसऱ्या शाखेतून बदलून आलेल्या कर्मचारी बाईंना अजिबात प्रवेश मिळत नव्हता. याचे कारण असे की विंडोज मूळ मांडणीत आधी येऊन गेलेल्या दहा जणांची ओळख स्वतःजवळ राखून ठेवते. नेहमीच्या लिपिकाला संगणकाने आठवणीवर आत घेतले होते, सर्व्हरला विचारून नव्हे. नव्या बाईंची आठवणच त्याच्याकडे नव्हती.

मी कमांड प्रॉम्प्ट उघडून संगणकाची नेटवर्क मांडणी दाखवणारी ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा तिच्या सविस्तर रूपात दिली. डीएनएस (नावावरून यंत्राचा अंकी पत्ता सांगणारी सोय) सर्व्हरच्या ओळीत संस्थेच्या सर्व्हरचा पत्ता असायला हवा होता, तिथे राउटरचा पत्ता दिसला. चौकशी केल्यावर कळले की शनिवारी सायंकाळी इंटरनेट जोडणीवाल्यांचा माणूस येऊन नवा राउटर बसवून गेला होता. त्या राउटरमधील डीएचसीपी, म्हणजे संगणकांना पत्ते वाटण्याची सोय, कारखान्यातून आली तशीच चालू होती. संस्थेचा सर्व्हरही पत्ते वाटत होता. एका पंगतीत दोन वाढपी शिरले, आणि सोमवारी संगणक चालू होऊन पत्ता मागू लागले तेव्हा ज्या चौघांना राउटरचे उत्तर आधी मिळाले ते अडकले. उरलेल्या दोघांचे पत्ते कुणीतरी पूर्वीच हाताने भरून ठेवलेले होते, म्हणून ते वाचले. राउटरचे वाटप बंद केले, चारही संगणकांना पत्ता नव्याने घ्यायला लावले, नावांची जुनी साठवण पुसली. वीस मिनिटांत काम चालू झाले. त्याआधीच्या दीड तासात निर्दोष सर्व्हर तीन वेळा बंद-चालू करण्यात आला होता, आणि एक संगणक फॉरमॅट करण्याची तयारीही झाली होती.

माझ्या पाहण्यातील निम्म्याहून अधिक तक्रारी डीएनएसच्या या एका ओळीशी येऊन थांबतात, म्हणून तिच्याबद्दल थोडे अधिक लिहितो. कार्यालयाच्या डोमेनचे नाव आणि त्यातील सर्व्हरचा ठावठिकाणा ही घरातली गोष्ट असते; तिची नोंद फक्त कार्यालयाच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये असते. गूगलचा ८.८.८.८ हा सार्वजनिक डीएनएस जगभरातील संकेतस्थळांचे पत्ते सांगेल; पण त्याला आपल्या डोमेनबद्दल विचारणे म्हणजे परगावच्या माणसाला शिवाजी पेठेतल्या तालमीचा रस्ता विचारण्यासारखे आहे. इंटरनेट झकास चालते, यूट्यूब दिसते, फक्त कार्यालयाचा सर्व्हर तेवढा सापडत नाही, असा प्रकार असेल तर बहुधा हेच कारण असते. बरेच तंत्रज्ञ पहिल्या रकान्यात सर्व्हरचा पत्ता आणि दुसऱ्या रकान्यात ‘असू दे आधाराला’ म्हणून ८.८.८.८ भरतात. हा आधार घातक आहे. पहिला डीएनएस क्षणभर गप्प राहिला की विंडोज दुसऱ्याकडे वळते आणि काही काळ त्याच्याकडेच विचारत राहते. दुसरा ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे ठाम उत्तर देतो, आणि विंडोज ते उत्तर खरे मानते. मग दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि तो शोधणाऱ्याचा दिवस वाया जातो. योग्य रीत अशी की काउंटरच्या संगणकांवर दोन्ही रकान्यांत कार्यालयातीलच डीएनएस असावेत, आणि बाहेरची नावे विचारण्याचे काम सर्व्हरने पुढे पाठवावे. पडताळणीही सोपी आहे. सर्व्हरला त्याच्या अंकी पत्त्याने पिंग करावे, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून पाहावी, मग नावाने करावे. पहिले चालून दुसरे अडले तर सर्व्हर चालू आहे आणि दोष नावाच्या शोधात आहे, हे कुणालाही समजेल.

दुसरे मोठे कारण घड्याळाचे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ओळख पटवण्याचे काम कर्बेरॉस नावाच्या पद्धतीने चालते. कुणी चोरून टिपलेला परवाना नंतर वापरू नये म्हणून ती प्रत्येक परवान्यावर वेळ घालते, आणि संगणक व सर्व्हर यांच्या घड्याळांत मूळ मांडणीनुसार ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर तो परवाना नाकारते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ मदरबोर्डवरील सीआर २०३२ या ३ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांनंतर सखल भागातील कार्यालयांनी वरच्या मजल्यावर हलवून ठेवलेले संगणक परत जोडताना असे कितीतरी मी पाहिले, ज्यांचे घड्याळ अनेक वर्षे मागे गेले होते. बदलायची होती ती बटणाएवढी बॅटरी, आणि कार्यालयांच्या हातात दरपत्रक मात्र नव्या संगणकांचे होते.

याहून फसवा प्रकार कालक्षेत्राचा. पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते, तरी प्रवेश मिळत नाही. होते असे की विंडोज नव्याने बसवताना अमेरिकेतील पॅसिफिक कालक्षेत्र तसेच राहते आणि कुणीतरी काटे हाताने फिरवून इथली वेळ लावतो. कर्बेरॉस भिंतीवरची वेळ पाहत नाही, जागतिक प्रमाणवेळ पाहते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आणि पॅसिफिक वेळ हिवाळ्यात आठ तास मागे, म्हणजे आतून साडेतेरा तासांची तफावत. सर्व्हरचे स्वतःचे घड्याळही कुणाच्या तरी भरवशावर असावे लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशानुसार शासकीय कार्यालयांनी आणि कंपन्या व संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. आपल्याकडील किती कार्यालयप्रमुखांना याची कल्पना आहे, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

तिसरा प्रकार म्हणजे ‘संगणक आणि डोमेन यांच्यातील विश्वासाचे नाते तुटले आहे’ हा संदेश. माणसाप्रमाणेच डोमेनमधील प्रत्येक संगणकालाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो साधारण दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. महिना-दोन महिने बंद राहिलेला संगणक यामुळे बाहेर पडतो असा समज आहे, तो बरोबर नाही. बदलाची सुरुवात संगणकच करतो, त्यामुळे बंद असलेल्या संगणकाचा पासवर्ड दोन्हीकडे जुनाच राहतो. नाते तुटते ते संगणकाला भूतकाळात नेल्यामुळे. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, विद्यार्थ्यांनी केलेले बदल प्रत्येक वेळी पुसून टाकणारी प्रणाली बसवलेली असते. ती बिचारी नवा पासवर्डही पुसते. संगणक जुना सांगतो, सर्व्हर नवा मागतो. डिस्कच्या जुन्या साठवलेल्या प्रतीवरून संगणक पूर्ववत केला तरी हेच होते. एका कार्यालयात तर एका संगणकाची प्रत करून दुसरा तयार केला होता आणि नाव बदलायचे राहिले होते, त्यामुळे दुसरा डोमेनमध्ये शिरताच पहिला बाहेर फेकला गेला, आणि पहिल्याला आत घेतले की दुसरा. दोन दिवस हा खो-खो चालला होता. यावर फॉरमॅट हा उपाय नव्हे. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या साधनात नाते तपासून दुरुस्त करणारी एका ओळीची आज्ञा आहे. तिने भागले नाही तर संगणक डोमेनमधून काढून पुन्हा जोडावा. मात्र त्यासाठी त्या संगणकाचा स्थानिक प्रशासक पासवर्ड हातात असावा लागतो, आणि नेमका तोच कार्यालयात कुणाला ठाऊक नसतो. तो आधीच्या एएमसीवाल्याबरोबर, म्हणजे वार्षिक देखभाल करारवाल्याबरोबर, गेलेला असतो.

बाकीची कारणे थोडक्यात. वीज गेल्यावर संगणक सर्व्हरच्या आधी सुरू झाला तर त्याला कुणी पत्ता देत नाही आणि तो १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून घेतो. म्हणून सर्व्हर आधी चालू करून थोडे थांबावे. अँटिव्हायरसच्या फायरवॉलने ५३, ८८, ३८९ किंवा ४४५ हे पोर्ट, म्हणजे संपर्काची क्रमांकित दारे, अडवले तरी संपर्क तुटतो. छपाईच्या कामासाठी मॅक वापरणाऱ्यांनी डोमेनचे नाव ‘डॉट लोकल’ असे संपत नाही ना हे पाहावे, कारण ते शेपूट ॲपलची यंत्रे आपसांतील शोधासाठी वापरतात. आणि केबल उंदराने कुरतडली असेल तर वरचे सारे पांडित्य व्यर्थ आहे, म्हणून आधी केबलच्या टोकाचा दिवा लुकलुकतो का ते बघावे.

माझी विनंती पतसंस्थांच्या संचालक मंडळांना आणि कार्यालयप्रमुखांना आहे. देखभालीचा करार करताना केवळ वार्षिक रकमेवर घासाघीस न करता दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, सर्व्हरचा पत्ता, डीएनएसची मांडणी आणि प्रशासक पासवर्ड लिहिलेला कागद मोहोरबंद पाकिटात, संस्थेच्या तिजोरीत. दुसरी, नेटवर्कला हात लावणाऱ्या प्रत्येकाने, मग तो इंटरनेटवाला असो, सीसीटीव्हीवाला असो की मी असो, तारीख घालून काय बदलले ते लिहायचे रजिस्टर. जमल्यास दुसरा डिरेक्टरी सर्व्हरही ठेवावा. एकाच सर्व्हरवर सारा कारभार चालवणाऱ्या संस्था आपल्या जिल्ह्यात थोड्या नाहीत.

वर उल्लेखलेल्या पतसंस्थेने असे रजिस्टर त्याच आठवड्यात सुरू केले. त्यातील पहिली नोंद शाखाधिकाऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात केली आहे: ‘शनिवारी सायंकाळी नवा राउटर बसवला. कोणास कळवले नाही.’

आपला,
संगणक देखभाल करणारा एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर