‘ऑर्बिटल’चे वादन प्रत्यक्षच असते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ‘ऑर्बिटल’ या इंग्लंडमधील जोडीच्या प्रदीर्घ कारकिर्दीवरील लेख वाचला. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील इतक्या जुन्या कलावंतांची कोल्हापूरच्या वृत्तपत्राने दखल घेतली, याचा आधी आनंदच झाला होता. मात्र हे दोघे भाऊ घरून तयार करून आणलेले संगीत मंचावर एक कळ दाबून सुरू करतात आणि उरलेला वेळ माना डोलावत उभे राहतात, असा निष्कर्ष शेवटच्या परिच्छेदात वाचला आणि लिहिल्यावाचून राहवेना.

फिल आणि पॉल हार्टनॉल १९८९ पासून एकत्र वाजवत आहेत. ‘चाइम’ ही त्यांची गाजलेली पहिली रचना घरीच, वडिलांच्या कॅसेट डेकवर ध्वनिमुद्रित झाली होती. १९९४ मध्ये इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी या मोठ्या संगीत महोत्सवात त्यांनी जे वादन केले, त्याच्या बळावर पुढच्याच वर्षी त्यांना तेथील मुख्य मंच मिळाला. २००४ मध्ये ते थांबले, २००९ मध्ये परतले, २०१४ मध्ये पुन्हा वेगळे झाले आणि २०१७ मध्ये पुन्हा एकत्र आले. मधल्या काळात, २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात, स्टीफन हॉकिंग यांच्या आवाजासह त्यांचे वादन झाले. नुसती कळ दाबणाऱ्यांना लोक इतकी वर्षे परत परत का बोलावतील, हा साधा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता.

सुरुवातीच्या काळात त्यांच्यापुढे अलेसिस कंपनीचे एमएमटी-८ हे सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सुरांचे आणि ठेक्याचे तुकडे वाजवणारी यंत्रे, मांडलेले असत. त्या यंत्रावर आठ ट्रॅकच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या आठ स्वतंत्र पट्ट्यांच्या, आठ कळा असतात. एका कळेवर बास, एकीवर ठेका, एकीवर वरची सुरावट असे तुकडे चालू असतात आणि त्यांतला कोणता बंद करायचा, कोणता किती आवर्तने ताणायचा, हे तिथल्या तिथे ठरते. मैदानावरची माणसे थकली की ठेका काढून घेऊन केवळ सुरावट ठेवायची, आणि तो पुन्हा नेमका समेवर आणायचा, याला कान लागतो. आपल्या खासबाग मैदानातला हलगीवाला कुस्ती बघून हात जलद करतो, त्याच जातीचे हे काम आहे. हार्टनॉल बंधूंच्या चष्म्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेले दिवे लेखकाला पोशाखी हौस वाटली. अंधारात कळा दिसाव्यात म्हणून ते दिवे आले, आणि मग तीच या भावांची ओळख झाली.

मला हे लागले, कारण मी कोल्हापुरातील वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवतो. मंगळवार पेठेतील एका मंडळाच्या कार्यक्रमात गायिका दुसरा अंतरा विसरून भलतीकडेच वळली. सिक्वेन्सरवर बास आणि ठेका आधीच भरलेला होता आणि तो तसाच चालू राहता तर सगळ्या मंचाची शोभा झाली असती. मी डाव्या हाताने दोन्ही ट्रॅक बंद केले, उजव्या हाताने स्वर धरून ठेवला, ढोलकीवाल्याला मानेने खूण केली आणि ती मुखड्यावर येताच सारे पुन्हा समेवर सोडले. समोरच्या कोणाला काही कळले नाही, आणि कळू न देणे हेच त्या क्षणी माझे काम होते. कार्यक्रमानंतर ढोलकीवाल्याच्या हातात पूर्ण बिदागी पडली. माझ्या वेळी नोटा मोजता मोजता आयोजक म्हणाले, “तुझं तर मशीनच वाजवत हुतं की रं, तुला वादकाचे पैसे कशाला?” आणि निम्मेच दिले. त्या सुपारीची रक्कम फार मोठी नव्हती. पण सगळ्या सहकाऱ्यांसमोर मला वादकांतून बाहेर काढले गेले, हे मी आजही विसरलेलो नाही. तेच वाक्य, शुद्ध भाषेत, काल आपल्या पुरवणीत छापून आले. आयोजकाला सिक्वेन्सर ठाऊक नसणे मी समजू शकतो, परंतु लेखकाने लिहिण्यापूर्वी या जोडीच्या एखाद्या जुन्या कार्यक्रमाचे चित्रण पाहण्याची तसदी घ्यायला नको होती का?

लेखासोबतचे छायाचित्रही चुकीचे आहे. दोन फिरत्या तबकड्यांमागे, एका कानाला हेडफोन लावून उभा असलेला तो तरुण डीजे आहे. हार्टनॉल बंधूंपैकी कोणीही नाही. डीजेची कला वेगळी आहे आणि तिचाही मला आदर आहे, पण या दोहोंची सरमिसळ करून आपण दोघांवरही अन्याय केला आहे. याची दुरुस्ती आपण पुढच्या पुरवणीत छापावी.

आणखी एक गोष्ट लिहितो. आमच्या शहरात ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि सिक्वेन्सर सांभाळत ज्यांचे केस पांढरे झाले, त्या वादकांबद्दल आपल्या पुरवणीत गेल्या कित्येक वर्षांत एक रकानाही मी पाहिलेला नाही. गणेशोत्सवात आवाजाच्या भिंतींवर पानेच्या पाने भरतात आणि वाद्यवृंदातले वादकही त्याच गोंगाटाच्या खात्यात जमा होतात. येत्या उत्सवात आपल्या प्रतिनिधीने एका रात्री प्रेक्षकांत न बसता आमच्या मागे, कळा दिसतील अशा ठिकाणी उभे राहावे. मंचावर जागा मी करून देईन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक कीबोर्डवादक, कोल्हापूर