तो दवाखान्याचा ड्रेस नाहीये

ती. आई-बाबा, नमस्कार.

काल फोनवर आई रडायलाच लागली म्हणून सगळं नीट लिहितोय, बाबा तुम्ही वाचून दाखवा. फोटोतला ड्रेस दवाखान्याचा नाहीये. मी ॲडमिट बिडमिट नव्हतो. इथे जपानात दर ३ मेला ओदावारा गावी किल्ल्यापाशी होजो या जुन्या सामुराई घराण्याच्या पाच पिढ्यांच्या नावाने मिरवणूक निघते, ऑफिसातल्या एकाने त्यात माझंही नाव घातलं, आणि चिलखत चढवायच्या आधीच कोणीतरी फोटो काढला. ते आतलं म्हणजे योरोई-शितागी. आपल्या बाराबंदीसारखंच, फक्त बाह्या अरुंद, कारण वरून चिलखताच्या बाह्या चढतात. खाली आखूड हाकामा म्हणजे घेरदार विजार, पोटऱ्यांना पट्ट्या, अंगठा वेगळा असलेले मोजे. बारीक झालेलो नाही, ते आवळूनच बांधतात.

आता आई घाबरू नकोस. मी घालताना उजवी बाजू वर घेतली तर तिथले आजोबा केवढ्याने ओरडले! इथे जिवंत माणसाने कायम डावी बाजू वर घ्यायची, उजवी वर फक्त प्रेताची. पुरुष, बाई, लहान पोर, सगळ्यांना तेच, साध्या सुती किमोनोलाही तेच. वर चिलखताचंही सगळं आधी डाव्या अंगाला. पट्टी डाव्या पायाला आधी, बाही डाव्या हाताला आधी, मी दोनदा चुकलो आणि दोनदा सोडून परत बांधायला लावलं. लगेच सुधारलंय गं, मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नकोस.

बाबा, तुमच्यासाठी एक. पूर्वी सगळ्यात आत फुंदोशी असायचा, आपल्या आजोबांचा तालमीतला लंगोटच म्हणा. पण लढाईतला लांब, पुढचं टोक छातीवरून नेऊन गळ्यात अडकवायचं. वर चिलखत असताना कमरेला हात कुठला पोचतोय, मग गळ्यापाशीच सैल करून मोकळं व्हायचं. मी आपली चड्डीच घातली होती.

त्या आजोबांनी साइतो सानेमोरी नावाच्या सामुराईची गोष्ट सांगितली. ११८३ सालची. सत्तरी ओलांडलेला, लढाई आपल्याच मुलखाकडे म्हणून त्याने मालकाची परवानगी काढून चिलखताखाली लाल जरीचा हितातारे, म्हणजे अंगरखा, घातला. गावी जायचं तर जरी घालून जावं, असं इथे आजही म्हणतात. केसांना कलपही लावला होता बाबांसारखा. पुढचं सांगत नाही, आई भलताच अर्थ काढेल.

बाकी मजेत. १५ तारखेला साठ हजार टाकतो, पत्र्याचं काम सुरू करा. येन पडलाय म्हणून या वेळी कमी, पुढच्या महिन्यात भरून काढतो, आणि सोसायटीच्या हप्त्यासाठी कोणाकडे हात पसरू नका. लोणंदच्या स्थळाला एवढ्यात होकार कळवू नका. इथे कोणी नाहीये, तो विषयच नाही, पण नका कळवू.

चिमीच्या लग्नाला येणारच, तसं सरांना बोललोय. म्हणजे बोलणार आहे, डिसेंबरात आमच्याकडे फार ओढाताण असते. साखरपुडा हुकला तो हुकला, तिला म्हणावं रागवू नको. ती म्हणाली माझ्यासाठी जरीचा कुर्ता टाकलाय शिवायला. माप जुनंच दिलंय ना? तिकीट हातात येईपर्यंत टेलरला म्हणावं, कापड कापू नको.