अभंग मात्रांनी मोजू नये

महोदय,

आषाढीच्या पुरवणीतील लेखात ‘सुंदर ते ध्यान’च्या मात्रा मोजून ‘छंद सैल, यमक अनियमित’ असा निकाल दिला आहे. मात्रा बरोबर मोजल्या आहेत, पहिल्या तीन चरणांत 9, 9, 8 येतात. पण अभंग हा अक्षरछंद, म्हणजे चरणातली अक्षरे मोजायची. तिथे अक्षर लघु (एक मात्रा) की गुरू (दोन मात्रा) हे पाहायचेच नाही. सुंदर ते ध्यान (6), उभे विटेवरी (6), कर कटावरी (6), ठेवोनिया (4). जोडाक्षर एकच धरायचे. ‘ध्यान’मधला ‘न’ बोलताना अर्धा ऐकू येतो, पण गाताना पूर्ण म्हटला जातो, म्हणून तेही एक अक्षर.

यमकाचा घोटाळा छपाईचा आहे. दुसऱ्या चरणापाशी ओळ तोडली की डोळा ‘विटेवरी’ आणि ‘ठेवोनिया’ जुळवू पाहतो. अशा 6-6-6-4 अक्षरांच्या मोठ्या अभंगात यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत असते (विटेवरी, कटावरी) आणि चौथा मोकळा सुटतो. ओळींच्या टोकाला यमक शोधायचे ते आठ-आठ अक्षरांच्या लहान अभंगात: ‘जे कां रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’.

याच अभंगात सात अक्षरांचे चरणही दिसतात, हा आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा. तुळसीहार गळां, आवडे निरंतर, तळपती श्रवणीं, कंठीं कौस्तुभमणि. चारही ठिकाणी शब्दाच्या मधला अकार उच्चारात लोपतो (तुळ्सी, आव्डे, तळ्पती, कौस्तुभ्मणि) आणि चरण सहावर येतो. ही ढिलाई नव्हे. कान शाबूत असलेल्या कवीने घेतलेली सूट आहे.

लघु-गुरूची कसोटी लावायची तर मनाच्या श्लोकांना लावावी. ते भुजंगप्रयात वृत्तात, दर चरणात चार ‘य’ गण (लघु-गुरू-गुरू असा तीन अक्षरांचा गट), 12 अक्षरे. तिथेही ‘सोडोनि द्यावे’तला ‘नि’ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू धरला तर गण मोडतो. मराठीत पुढच्या शब्दाच्या आरंभीच्या जोडाक्षराचा आघात मागे येतोच असे नाही. संस्कृतचा नियम जसाच्या तसा लावला की समर्थही चुकलेले दिसतील.

एक विनंती. अभंग छापताना भाषा आजची करू नये. ‘ठेवोनिया’चे ‘ठेवुनी’ केले की चौथ्या चरणात एक अक्षर कमी पडते, आणि ‘तुळसीहार गळां’चे ‘तुळशीचा हार गळा’ केले की आठ होतात.

– एक वाचक, सातारा