अनारकलीच्या तीन तारखा

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आपले नाव कोठेही येऊ द्यायचे नाही ही आपली अट मी पाळली आहे. परंतु मूकपटांतील सुलोचनेवर आमच्या ग्रंथालयात मी जे व्याख्यान दिले, त्यात जे काही धड होते ते आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून आले होते, हे चारचौघांत सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

सुरुवातच फजितीची झाली होती. विषय ऐकताच आमच्या कार्यवाहांनी निमंत्रणपत्रिकेवर सुलोचनादीदी लाटकर यांचे छायाचित्र घातले होते, आणि छपाईला जाण्यापूर्वी ती पत्रिका मी आपल्याला दाखवली. मराठी माणसाला सुलोचना म्हटले की दीदीच आठवणार, यात कोणाचा दोष नाही, असे म्हणत आपण शांतपणे दुसरे चित्र पुढे केलेत. ती रूबी मायर्स. 1907 साली आपल्याच पुण्यात, बगदादी ज्यू कुटुंबात जन्मलेली ही मुलगी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करीत होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी चित्रपटात काम करण्याविषयी विचारले तेव्हा तिने आधी नकार दिला आणि मग होकार. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाला करावी लागली, त्याला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. घरंदाज समजल्या जाणाऱ्या घरांतल्या मुली पडद्यावर यायला तयार नव्हत्या, आणि चित्रपट मुका असल्यामुळे नायिकेला हिंदुस्तानी येते की नाही हे कोणी विचारत नव्हते. रूबीची सुलोचना होण्यामागे या दोन्ही गोष्टी होत्या, हे आपण दाखवून दिलेत.

पुढचा चढ मी आपल्याकडे येण्यापूर्वीच लिहून काढला होता. 'टायपिस्ट गर्ल', 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मधल्या तिच्या आठ भूमिका, इंपीरियल फिल्म कंपनी आणि डी. बिलिमोरियांबरोबर जमलेली जोडी, हे सारे त्यात होते. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरांपेक्षा जास्त होता, हे वाक्यही मी मोठ्या हौसेने घातले होते. त्यावर आपण पेन्सिलीने बारीक खूण करून 'असे म्हणतात' एवढे दोन शब्द जोडलेत. छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवलेल्या माणसाची ती खूण होती!

मात्र खरे आभार मानायचे आहेत ते उताराच्या भागाबद्दल. 'बोलपट आला आणि सुलोचना संपली', असे मी एका वाक्यात उरकून टाकले होते. आपण ते वाक्य खोडले नाहीत. जाहिरातींची कात्रणे आणि बोलपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका माझ्यापुढे ठेवून, सालाप्रमाणे लावा, एवढेच म्हणालात. पुस्तिकांवर बहुधा साल छापलेले नसते, म्हणून प्रत्येक पुस्तिकेशी जाहिरातीचे कात्रण जुळवावे लागले आणि त्यात अख्खी दुपार गेली. शेवटी सतरंजीवर जी रांग लागली, तिने माझे वाक्य खोटे ठरवले. 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला, तोही इंपीरियलचाच, आणि त्याची नायिका झुबेदा होती. सुलोचना मात्र भाषा शिकायला बसली आणि 1932 मध्ये 'माधुरी'च्या बोलपटातून परत आली. त्यानंतर 1935 चा 'अनारकली', 1936 चा 'बंबई की बिल्ली'. बोलपटाने तिला संपवले असते, तर ही रांग 1931 लाच थांबली असती.

रांग पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. यांतले बरेच चित्रपट तिच्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलत्या आवृत्त्या होत्या. कंपनी जुनेच यश पुन्हा वटवीत होती आणि नायिकेचे वय मात्र पुढे सरकत होते. 1938 मध्ये इंपीरियलच बंद पडली, तेव्हा तिच्या पाठीशी असलेली ती व्यवस्थाही गेली. तिच्या उताराचे कारण मला उच्चारांपेक्षा इथे अधिक दिसते. बिलिमोरियांविषयीच्या वदंता विचारल्यावर आपण चहा मागवलात आणि विषय बदललात, त्याचेही आज बरे वाटते.

रांगेच्या टोकाला आपण जी पुस्तिका स्वतःच्या हाताने ठेवलीत, ती 1953 च्या 'अनारकली'ची होती. 1928 मध्ये लाहोरच्या कंपनीचा याच कथेवरचा चित्रपट येण्याआधी इंपीरियलने घाईघाईने आपला मूकपट आणला, त्यात अनारकली ती होती. 1935 मध्येही तीच होती. आणि 1953 मध्ये बीना राय अनारकली झाली, तेव्हा सुलोचना सलीमच्या आईच्या भूमिकेत उभी होती. मी व्याख्यानात या तीन तारखा लागोपाठ सांगितल्या आणि थोडा वेळ काहीच बोललो नाही. सभागृहातही कोणी हालचाल केली नाही.

1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि 1983 मधला मृत्यू यांवर मी फार रेंगाळलो नाही. आपण तसेच सुचवले होते. तिचे बहुतेक मूकपट आज उपलब्धच नाहीत, त्यामुळे शेवटी श्रोत्यांना दाखवायला माझ्याकडे आपली कात्रणेच होती. ती सर्व मोजून, पातळ कागदात गुंडाळून ठेवली आहेत. 1953 ची पुस्तिका तेवढी एका आजींनी दोनदा मागून घेऊन पाहिली, पण कोपरा दुमडलेला नाही. येत्या रविवारी सकाळी सगळे परत आणून देतो.

आपला नम्र,
आपल्या सतरंजीवर एक दुपार बसलेला वाचक