सरांना, शिवणाच्या टेबलावरून

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "ते राहू द्या ताई, पुढचं उदाहरण घ्या" म्हणता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

१७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसायचं ठरवलं तेव्हा धास्ती होती ती फक्त गणिताची. नववीत गणितात नापास झाले, शाळा सुटली, आणि "हिला आकडे जमत नाहीत" हे वाक्य माहेराहून सासरीही माझ्यासोबत आलं. तुमच्या संध्याकाळच्या वर्गात पहिला आठवडा मी फळ्याजवळ जायचंच टाळलं.

मग तो अपूर्णांकांचा दिवस. मी वहीत १७/२ + ३/२ = २०/४ लिहिलं होतं. तुम्ही वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "छाती ३४ असेल तर ब्लाऊजला कापड किती धरता?" मी पटकन म्हणाले, चौथा भाग साडेआठ, शिवणीचं दीड, झाले दहा इंच. "वहीतही हीच बेरीज आहे. मग तिथले २०/४ म्हणजे किती?" पाच. "पाच इंचावर कात्री चालवाल?"

सर, बारा वर्षं मी कपडे बेततेय. सव्वा, पाऊण, दीड, अडीच हे सगळं माझ्या बोटांत होतं, पण ते गणित आहे असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री घरी जाऊन मी टेप समोर ठेवून अपूर्णांकांचा अख्खा सरावसंच सोडवला.

वजाबाकीत हातचा चुकायचा, तेव्हा तुम्ही आपल्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींची रीत दिलीत. चार अंक घ्या (चारही सारखे नकोत), उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि तेच करत राहा. मी माझं जन्मसाल घेतलं, १९९०. ९९१० वजा ०१९९, आले ९७११. मग ८५३२. मग ६१७४. त्यानंतर कितीही केलं तरी ६१७४च. सातवीतली माझी लेक आणि मी त्या रात्री अकरा वाजेपर्यंत तेच करत बसलो. कुठलीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत तिथंच! एका शाळामास्तरांनी हे १९४९ साली शोधलं, तेही इथं जवळच राहून, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण सगळ्यात मोठं ऋण तुमच्या लाल टिंबाचं. तुम्ही कधीच पूर्ण उदाहरणावर काट मारली नाहीत. जिथून चुकायला सुरुवात झाली तिथं एक टिंब, बस. दिवाळीआधी तुम्ही मला माझीच टिंबं मोजायला लावलीत. १७ निघाली, आणि त्यातली ११ एकाच जागी होती: पद बराबरच्या पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहिलेलं. मला वाटायचं मला समीकरणं येत नाहीत. खरं तर एक सवय लावायची होती. आता पद हलवलं की चिन्हाभोवती पेन्सिलने गोल करते. २ ब्लाऊज आणि ३ फॉल-पिकोचे ८००, १ ब्लाऊज आणि ४ फॉल-पिकोचे ६५०, तर एकेकाचा दर काय, हे तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम बनवलेलं उदाहरण पहिल्या फटक्यात सुटलं. २५० आणि १००. माझेच दर!

बीजगणिताच्या पहिल्या चाचणीत ४० पैकी ९ होते, परवा २३ मिळाले. भूमिती अजून कच्ची आहे. आकृती दिसते, पण पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने लिहिताना मधली कारणं सुटतात. त्रिकोणमितीला तर आता कुठे हात घातलाय. तरीही मार्चमध्ये दोन्ही पेपर मिळून ८० पैकी ५० मिळवायचेत, निव्वळ पासवर समाधान मानायचं नाही. नंतर अकरावी कॉमर्स. अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटीचं बिल कसं बनतं ते कळल्यापासून दुकानाचा हिशोब स्वतः लिहायचं मनात पक्कं बसलंय.

रविवारी पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता लिहून आणते. पाठ केलेली नाही. काटकोनातून कर्णावर लंब टाकते, तीन समरूप त्रिकोण शोधते आणि तिथून पुढे जाते. टिंबं तेवढी देऊन ठेवा.

तुमची विद्यार्थिनी,
नाशिकरोड